लंडन येथील वकिलांची पेठ

बॅरिस्टर हा शब्द आपल्या घरांतून जितका परिचित आहे, तितकाच त्याचा अर्थ अपरिचित आहे. विलायतेस जाऊन, कांहीं जेवणें जेवून आणि परीक्षा देऊन जो काळा झगा घेऊन येतो तो बॅरिस्टर, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. तो झगा देतो कोण, कोणत्या अधिकारानें देतो, दिलेला झगा काढून घेतां येतो कीं काय, आणि झगा न घेतां कायद्याचें काम करणारा जो दुसरा मोठा वर्ग त्या देशांत आहे त्याचें काम कोणतें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गतवर्षीं कांहीं आठवडे लंडनास राहण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं चार दिवस या प्रश्नांसाठीं राखून ठेवले, आणि टेम्स नदीच्या कांठापासून उत्तरेस होबर्न रस्त्यापर्यंतचा मुलूख पायीं फिरून पाहिला. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें सॉलिसिटर आहे. तो एक संपूर्ण दिवस आमच्याबरोबर होता. त्यानें सांगितलेल्या गोष्टींचाही उपयोग पुढील मजकुरांत केला आहे.

आपल्याकडे जशी तांबटांची आळी किंवा सराफांची पेठ असते, तशी ही वकिलांची पेठ आहे. लांबीरुंदी फार नव्हे. धीमे चालणाऱ्या मनुष्यासही एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाण्यास अर्धा तास पुरे. परंतु या अर्ध्या तासाच्या वाटेंत चार प्राचीन विधिकुलें, उच्च न्यायालयाची इमारत, सॉलिसिटरांच्या सभेचें गृह, झगे व टोप विकणारीं दुकानें आणि कायद्याचीं पुस्तकें, असें सर्व कांहीं आहे. विधिकुल हा शब्द आम्हीं आमच्या सोयीसाठीं योजिला आहे. तेथील नांव 'इन'. इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन आणि ग्रेज इन अशा या चार संस्था. इंग्लंडांत बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्यानें यांपैकीं एकीचें सभासद झालेंच पाहिजे. त्यावांचून दुसरा मार्ग नाहीं.

नदीकडून शिरलें म्हणजे प्रथम टेंपल लागतें. फ्लीट स्ट्रीटवरील गाड्यांचा गोंगाट चार पावलांवर असतां आंत इतकी शांतता असते कीं, एखाद्या जुन्या मठाच्या आवारांत आल्यासारखें वाटावें. आणि हा मूळचा मठच होता. धर्मयुद्धांत लढणाऱ्या टेंप्लर नामक योद्ध्या संन्याशांनीं येथें वसति केली. त्यांचें वर्तुळाकार देवालय ११८५ सालीं जेरुसलेमच्या धर्माध्यक्षाच्या हस्तें पवित्र करण्यांत आलें, तें अद्यापि उभें आहे. आंत जमिनीवर चिलखत घातलेल्या सरदारांच्या दगडी प्रतिमा निजलेल्या आहेत. १३१२ सालीं पोपनें हा पंथ मोडला. पुढें ही जागा कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या ताब्यांत आली, आणि १६०८ सालीं राजा पहिला जेम्स यानें ती दोन्ही टेंपलांच्या पंचांस सनदेनें कायम करून दिली. अट एवढीच कीं, देवालयाची निगा राखावी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था सतत चालवावी. चारशें वर्षें ती अट पाळली जात आहे, हें मनांत आणलें म्हणजे कौतुक वाटतें. १९४१ सालच्या विमानहल्ल्यांत देवालयाचें छप्पर जळालें, इनर टेंपलचें भोजनगृह नष्ट झालें. तरी सर्व पुनः बांधून काढलें.

मिडल टेंपलचें भोजनगृह मात्र सोळाव्या शतकांतील आहे. त्याच्या लांकडी छताची कारागिरी पाहत आम्ही बराच वेळ उभे होतों. १६०२ च्या फेब्रुवारींत शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकाचा प्रयोग याच दालनांत झाला, अशी तत्कालीन विद्यार्थ्याच्या रोजनिशींत नोंद आहे. येथेंच त्या प्रसिद्ध जेवणांचा खुलासा होतो. पूर्वीं विद्यार्थी, बॅरिस्टर आणि 'बेंचर' म्हणविणारे ज्येष्ठ सभासद एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, आणि जेवणानंतर कल्पित खटल्यांवर वाद करीत. विद्या पुस्तकांपेक्षां सहवासानें जास्त येते, ही आपल्या गुरुकुलाचीच कल्पना. कालांतरानें सहवास गेला व जेवणें उरलीं. ठराविक जेवणें झाल्यावांचून झगा मिळत नसे. गांधीजी इनर टेंपलमध्यें होते तेव्हां चार जणांच्या पंक्तीस मद्याच्या दोन बाटल्या मिळत. हे मद्य घेत नसत, म्हणून आपल्या चौकडींत यांनीं बसावें यासाठीं इतर विद्यार्थ्यांची मोठी ओढाताण चाले, असें त्यांनीं आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. सांप्रत जेवणांच्या जोडीस व्याख्यानें व वादाचे वर्ग ठेवले आहेत, त्यामुळें मूळ हेतु थोडा तरी परत आला आहे.

आतां बॅरिस्टर आणि सॉलिसिटर यांतील भेद सांगतों. ज्याचें काम पडलें असा मनुष्य प्रथम जातो तो सॉलिसिटराकडे. तो पक्षकाराची हकीकत ऐकून घेतो, कागदपत्र जमवितो, पत्रव्यवहार करतो, घराचीं खरेदीखतें करतो, मृत्युपत्रें लिहितो, व्यापाऱ्यांचे करार बांधतो, आणि पक्षकाराचा पैसा स्वतःच्या पैशापासून अगदीं वेगळ्या खात्यांत सांभाळतो. प्रकरण मोठ्या न्यायालयांत जावयाचें झालें किंवा एखाद्या अवघड मुद्द्यावर मत हवें असलें, म्हणजे तो कागद लाल फितीनें बांधून बॅरिस्टराकडे पाठवितो. बॅरिस्टर न्यायालयांत उभा राहून बोलतो. त्याची पेढी नसते, भागीदार नसतात. पुष्कळ बॅरिस्टर मिळून एका जागेंत बसतात, भाडें व कारकून सामाईक ठेवतात, परंतु प्रत्येकाची मिळकत ज्याची त्याची. टेंपलमधील प्रत्येक जिन्याच्या दारावर या मंडळींच्या नांवांच्या ओळी हातानें रंगविलेल्या असतात. बॅरिस्टर सुमारें सतरा हजार आणि सॉलिसिटर दीड लाखांहून अधिक, एवढ्यावरून कोणाकडे किती काम जातें याची कल्पना येईल. पूर्वीं ॲटर्नी, सॉलिसिटर आणि प्रॉक्टर असे तीन वर्ग निरनिराळ्या न्यायालयांशीं बांधलेले होते. १८७३ च्या कायद्यानें ते एक होऊन सर्वांस सॉलिसिटर हें एकच नांव राहिलें.

बॅरिस्टराच्या धंद्याचे दोन जुने नियम ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, त्याची फी हा मोबदला नसून मानधन समजलें जाई. म्हणून ती बुडाली तरी त्याला दावा लावतां येत नसे. ही अडचण १९९० च्या कायद्यानें दूर झाली. दुसरा नियम आम्हांस फार महत्त्वाचा वाटला. अड्ड्यावर पहिला उभा असलेला गाडीवान ज्याप्रमाणें येईल त्या उतारूस नाकारूं शकत नाहीं, त्याप्रमाणें बॅरिस्टरानें आपल्या विषयांतील काम, योग्य फी व मोकळा वेळ असतां, पक्षकार अप्रिय आहे एवढ्या कारणावरून नाकारूं नये. सॉलिसिटरांस हें बंधन नाहीं.

टेंपलच्या वरच्या दारानें बाहेर पडलें म्हणजे डावीकडे स्ट्रँडवर उच्च न्यायालयाची मनोऱ्यामनोऱ्यांची भव्य इमारत दिसते. जॉर्ज एडमंड स्ट्रीट या शिल्पज्ञानें ती योजिली. परंतु १८८२ च्या डिसेंबरांत व्हिक्टोरिया राणीनें ती उघडली त्यापूर्वींच, १८८१ सालीं, तो वारला. आम्हां महाराष्ट्रीयांस हें न्यायालय वेगळ्या कारणानें पाहावेसें वाटतें. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथांत केलेल्या विधानांवरून लोकमान्य टिळकांनीं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, त्याची सुनावणी १९१९ च्या आरंभीं लंडनास न्यायमूर्ति डार्लिंग व ज्यूरी यांच्यापुढें झाली. लोकमान्य स्वतः कायद्याचे पदवीधर. १९०८ च्या खटल्यांत मुंबईस त्यांनीं आपली बाजू स्वतः मांडली होती. पण येथें त्यांनीं सॉलिसिटरामार्फत कौंसिली देऊन काम चालविलें. त्यांच्या बाजूनें सर जॉन सायमन उभे राहिले, चिरोलच्या बाजूनें सर एडवर्ड कार्सन. निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला व खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. ज्यांच्या कमिशनविरुद्ध १९२८ सालीं सर्व हिंदुस्थानभर काळीं निशाणें फडकलीं, ते सायमन हेच. नऊ वर्षांपूर्वीं हेच गृहस्थ टिळकांच्या बाजूनें झगा घालून उभे होते, ही गोष्ट त्या धंद्याची रीत समजून घेतल्यावांचून उलगडत नाहीं. वकिलाचें मत आणि वकिलानें मांडलेली बाजू हीं एकच समजूं नयेत, हा त्यांतील बोध.

न्यायालयासमोरून उत्तरेकडे चॅन्सरी लेन ही अरुंद गल्ली जाते. हिच्या एका अंगास 'लॉ सोसायटी' म्हणजे सॉलिसिटरांची सभा आहे. ती १८२५ सालीं स्थापन झाली. याच गल्लींत लिंकन्स इनचा विटांचा जुना दरवाजा आहे. लिंकन्स इनचीं दप्तरें १४२२ सालापासून अखंड आहेत. या दरवाज्यापाशीं आम्हांस एका नाशिककर कन्येची आठवण झाली. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ सालीं नाशिक येथें जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या, आणि १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची उच्च परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री झाल्या. परंतु स्त्रियांस पदवी देण्याची त्या विद्यापीठाची चाल नव्हती, आणि धंद्यांत तर स्त्रीला प्रवेशच नव्हता. पुढें बंगालच्या बाजूस पडद्यांतील विधवा व अज्ञान वारस यांच्या इस्टेटीचीं कामें त्यांनीं वर्षानुवर्षें केलीं. ज्या स्त्रीला परपुरुष वकिलासमोर येणें शक्य नव्हतें, तिचें गाऱ्हाणें ऐकण्यास दुसरें कोण होतें? १९१९ च्या कायद्यानें इंग्लंडांत ही बंदी उठली, आणि १९२३ सालीं लिंकन्स इननें त्यांस बॅरिस्टर केलें. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही स्त्रियांस वकिली मोकळी करणारा कायदा झाला. परीक्षेनंतर झगा मिळण्यास त्यांस एकतीस वर्षें लागलीं, म्हणजे एका माणसाचें बहुतेक सगळें उमेदीचें आयुष्य.

येथून होबर्न ओलांडलें म्हणजे ग्रेज इन. फ्रान्सिस बेकन हा येथील सभासद. तेथील बाग मूळ त्यानेंच आंखली. भोजनगृह १९४१ सालीं बाँबनें जळालें व पुनः बांधून १९५१ सालीं उघडलें. या संस्थेशीं महाराष्ट्राचा संबंध दुहेरी आहे. विनायक दामोदर सावरकर येथें विद्यार्थी होते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही १९०९ सालीं बेंचरांनीं त्यांच्या राजकीय चळवळीमुळें त्यांस झगा देण्याचें नाकारलें. त्याच वर्षीं इनर टेंपलनें पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांचें नांव बॅरिस्टरांच्या पटावरून काढून टाकलें. श्यामजी हे संस्कृताचे मोठे व्यासंगी. ऑक्सफर्ड येथें मोनियर विल्यम्स यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें होतें. गांधीजी १८९१ सालीं इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. १९२२ सालीं हिंदुस्थानांत शिक्षा झाल्यावर त्यांचेंही नांव कमी करण्यांत आलें. पुढें १९८८ सालीं गांधीजींचें आणि २०१५ सालीं श्यामजींचें नांव इनर टेंपलनें पुनः पटावर घेतलें. तोंपर्यंत दोघेही कधींच दिवंगत झाले होते. चूक दुरुस्त करणें हें चांगलेंच. परंतु मृत मनुष्यास झगा घालतां येत नाहीं, हेंही खरें. या तिघांनीं कोणा पक्षकाराचा पैसा खाल्ला नव्हता कीं न्यायालयांत खोटें बोलले नव्हते. धंद्याची शिस्त राखण्यासाठीं दिलेला अधिकार राज्यकर्त्यांच्या रोषासाठीं वापरला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा संबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. १९१६ सालीं त्यांनीं ग्रेज इनमध्यें नांव घातलें, मध्यंतरीं पैशाच्या अभावीं परत यावें लागलें, आणि १९२२ सालीं ते बॅरिस्टर झाले. येथें संस्थेनें त्यांस अडविलें नाहीं. अडविलें तें मुंबईस. मुंबईच्या उच्च न्यायालयांत त्या काळीं मूळ शाखा व अपील शाखा असे दोन भाग असून, मूळ शाखेंत लंडनचीच पद्धत चाले. सॉलिसिटरानें काम दिल्यावांचून बॅरिस्टरास तेथें उभें राहतां येत नसे. १९२३ सालीं डॉक्टरांनीं वकिली सुरू केली, तेव्हां ते अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर मंडळी त्यांस काम देईनात. सबब त्यांनीं अपील शाखेकडे व मोफसलच्या न्यायालयांकडे वळावें, जेथें सॉलिसिटराची गरज नव्हती. कोणत्याही कायद्यांत असें लिहिलें नव्हतें कीं महारास काम देऊं नये. सावरकरांस नियमाचा अधिकार चालवून अडविलें, तर आंबेडकरांस कोणताही नियम नसतांना अडविलें. आणि हें दुसरें करणारी माणसें आपल्याच घरांतून व आळींतून आलेलीं सुशिक्षित माणसें होतीं. एका धंद्याचें दार दुसऱ्या धंद्याच्या हातीं असलें म्हणजे काय घडूं शकतें, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. ग्रेज इनच्या हिरवळीवर उभें राहून आम्हांस जें अवघडल्यासारखें झालें, तें लंडनसाठीं नव्हे, मुंबईसाठीं होतें.

असो. आतां आजची व्यवस्था सांगतों. फार दिवस असें चाललें कीं, बॅरिस्टरांची तक्रार बॅरिस्टरांनींच ऐकावी आणि सॉलिसिटरांची सॉलिसिटरांनीं. घरच्या भांडणांत घरचाच पंच, अशी लोकांची कुरकुर वाढली. सर डेव्हिड क्लेमेंटी यांनीं २००४ सालीं अहवाल दिला आणि २००७ सालीं नवा कायदा झाला. त्यानें धंद्याची कैवारी संस्था एक आणि शिस्त लावणारी संस्था दुसरी, अशी फारकत केली. लॉ सोसायटी सॉलिसिटरांच्या हिताकडे पाहते, परंतु त्यांस परवाना देणें व जाब विचारणें हें वेगळ्या नियामक मंडळाकडे आहे. बॅरिस्टरांसही तसेंच स्वतंत्र मंडळ आहे. या सर्वांवर देखरेख ठेवणारें एक वरिष्ठ मंडळ असून, त्याचा अध्यक्ष वकील असतां कामा नये असा मूळ कायद्याचा कटाक्ष होता. चुकीची सेवा मिळालेल्या पक्षकारासाठीं तक्रारनिवारण अधिकारी आहे. सॉलिसिटरानें पैसा गिळला तर भरपाईसाठीं त्या धंद्याचाच निधि आहे. न्यायालयांतील हलगर्जीपणाबद्दल बॅरिस्टरावर दावा लावतां येत नाहीं, असें १९६७ सालीं सरदारसभेनें ठरविलें होतें. तिनेंच २००० सालीं तें संरक्षण काढून घेतलें. झगा देण्याचा मान इनकडे अद्यापि आहे. परंतु तो काढून घ्यावा कीं नाहीं, हें आतां एकट्या बेंचरांच्या मर्जीवर नाहीं. १९०९ सालीं असें असतें तर, हा विचार मनांत येतोच.

भेदाच्या भिंतीही खालीं आल्या आहेत. १९९० च्या कायद्यापासून पात्र सॉलिसिटर वरिष्ठ न्यायालयांत बोलूं शकतात; २००४ पासून पक्षकार कित्येक कामांत थेट बॅरिस्टराकडे जाऊं शकतो. घरांच्या खरेदीविक्रीपुरता परवाना असलेला एक स्वतंत्र वर्ग १९८५ च्या कायद्यानें निर्माण झाला. कारकुनीपासून चढत आलेल्यांसाठीं 'लीगल एक्झिक्युटिव्ह' हा वर्ग आहे. आणि नोटरी नांवाचा जो वर्ग परदेशीं जाणारे दस्तऐवज साक्षांकित करतो, त्याची नेमणूक आजही कँटरबरीच्या धर्माध्यक्षाच्या कचेरींतून होते. हा अधिकार १५३३ च्या कायद्यानें पोपकडून तिकडे आला. आमच्या विद्यार्थ्यानें हें सांगितलें तेव्हां आम्ही हंसलों, पण तो म्हणाला, "गुरुजी, या गल्लींत जुनें काढून टाकीत नाहींत; त्याच्याशेजारीं नवें बांधतात."

त्यानेंच एक गोष्ट अशी सांगितली कीं, जी ज्यांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत अशा कुटुंबांनीं लक्षांत ठेवावी. तेथील कायद्यानें सहाच कामें परवानेवाल्यांसाठीं राखून ठेवलीं आहेत: न्यायालयांत बोलणें, दावा चालविणें, जमीनजुमल्याचे ठराविक दस्त करणें, मृताच्या इस्टेटीचे न्यायालयीन कागद तयार करणें, नोटरीचें काम, आणि शपथ देणें. नुसता सल्ला देणें किंवा मृत्युपत्र लिहून देणें यांत येत नाहीं. तें कोणीही दुकान मांडून करावें. 'सॉलिसिटर' व 'बॅरिस्टर' हीं नांवें कायद्यानें रक्षिलेलीं आहेत. 'लॉयर' हें नांव कोणीही लावावें. सातारकडील एका वृद्ध गृहस्थांनीं अशाच एका स्वस्त दुकानांतून मृत्युपत्र करून घेतलें. राहतें घर सेवा करणाऱ्या मुलीस द्यावयाचें होतें. दुकानदारानें कागद टपालानें पाठविला, आणि दोन साक्षीदार हवेत म्हणून एक साक्ष त्या मुलीनेंच घातली. १८३७ पासूनचा तेथील कायदा असा कीं, साक्षीदारास किंवा त्याच्या पतिपत्नीस मृत्युपत्रानें दिलेली देणगी रद्द होते. मृत्युपत्र उभें राहतें, देणगी तेवढी जाते. वडील गेल्यावर हें कळलें. तक्रारअधिकाऱ्याकडे जावें, तर दुकानदार परवानेवाला नसल्यामुळें तेथें दाद नाहीं. दावा लावावा, तर दुकान बंद झालेलें. भावाबहिणींनीं समजुतीनें मार्ग काढला म्हणून बरें. सॉलिसिटराची फी वांचविली ती किती, आणि धोक्यांत घातलें तें किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा. मंडळाच्या पटावर नांव आहे कीं नाहीं, तें कोणासही घरबसल्या विनामूल्य पाहतां येतें.

आपल्याकडे काय आहे? पूर्वीं आपल्या देशांत बॅरिस्टर, सॉलिसिटर, वकील, प्लीडर, मुखत्यार अशी मोठी उतरंड होती. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें ती मोडून ॲडव्होकेट हा एकच वर्ग केला. मुंबईच्या मूळ शाखेंतील दुहेरी पद्धत मात्र १९७६ च्या दुरुस्तीनें गेली. सॉलिसिटरांची परीक्षा तेथील जुनी सभा अद्यापि घेते, आणि तिचा मानही आहे, पण तिच्यावांचून कोणाचें अडत नाहीं. म्हणजे ज्या दारानें आंबेडकरांस अडविलें तें दार आतां राहिलें नाहीं. शिस्तीच्या बाबतींत मात्र आपण जुन्या लंडनच्या वाटेवर आहोंत. वकिलांनीं निवडलेल्या बार कौन्सिलची समितीच वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. आणि २०२४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वकिलाच्या सेवेंतील न्यूनतेबद्दल ग्राहक न्यायालयांत जातां येत नाहीं. वकील हा पक्षकाराचा चाकर नसून न्यायालयाचाही सहायक आहे, त्यास निर्भयपणें बोलतां आलें पाहिजे, हा त्यामागील विचार तुच्छ नाहीं. श्यामजींची व गांधीजींची हकीकत ज्यास ठाऊक आहे, तो वकिलाचें स्वातंत्र्य सरकारच्या किंवा अन्य कोणाच्या मुठींत देण्यास सहजीं तयार होणार नाहीं. परंतु सातारकर गृहस्थांच्या मुलीची हकीकत ज्यास ठाऊक आहे, तो पक्षकारास अगदीं निराधार ठेवण्यासही तयार होणार नाहीं. लंडनकरांनीं या दोहोंमधून वाट काढण्यास फार वर्षें घेतलीं, आणि अजून ती वाट पुरी झाली असें तेथेंही कोणी म्हणत नाहीं.

आपल्या प्राचीन ग्रंथांत धंदेवाईक वकील असा वर्ग ठळकपणें दिसत नाहीं. नारदस्मृतीनें पिता, पुत्र, भ्राता किंवा रीतसर नेमलेला प्रतिनिधि यांखेरीज दुसऱ्यासाठीं बोलणाऱ्यास दंड सांगितला आहे. मृच्छकटिकाच्या नवव्या अंकांत चारुदत्तावर खुनाचा आरोप येतो, तेव्हां न्यायाधीश आहे, श्रेष्ठी आहे, कायस्थ आहे. पण चारुदत्तासाठीं बोलणारा कोणी नाहीं, आणि तो निरपराधी असूनही त्यास वधाची शिक्षा होते. वर्गांत हा अंक शिकवितांना आम्ही न्यायाधीशाच्या असहायतेवर बोलत असूं. या चार दिवसांनंतर वाटतें कीं, मुलांस दुसराही प्रश्न विचारावयास हवा होता: त्या सभेंत एक खुर्ची रिकामी आहे, ती कोणाची? ती भरणारा मनुष्य विद्वान् असावा हें तर खरेंच. पण त्यास तेथें बसण्यापासून कोण अडवूं शकतो, आणि त्यानें विश्वासघात केला तर कोण जाब विचारूं शकतो, हें ठरलें असल्यावांचून त्याच्या विद्वत्तेचा पक्षकारास भरंवसा नाहीं. घरांतील मुलगा किंवा मुलगी कायद्याकडे जावयाची असेल, तर तिला कोणता झगा मिळेल याबरोबर या दोन प्रश्नांचीही चर्चा माजघरांत व्हावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.